दारातून परत येण्याचा हक्क



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी या व्याख्यानमालेसाठी इथं जमतो, त्या सरांनी या कॉलेजात बरीच वर्षं एनसीसीची तुकडी सांभाळली. तिच्यातल्या काही मुलामुलींना त्यांनी आग्र्याच्या पॅरा कॅम्पला पाठवलं. आग्र्याचं पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूल वायुदलाचं. लष्कराचे छत्रीधारी जवान तिथं घडतात आणि एनसीसीचे निवडक कॅडेटही आयुष्यातली पहिली उडी तिथंच मारतात. मी त्या शाळेत शिकवत होतो, म्हणून सरांचा आणि माझा परिचय. कॅम्पहून परतलेल्या कॅडेटला ते आधी विचारत, ‘जमिनीवर काय काय करून घेतलं?’ उडी कशी झाली, भीती वाटली का, हे सगळं नंतर. प्रश्नांचा हा क्रम मला फार योग्य वाटतो.

स्कायडायव्हिंग शिकताना होणारे अपघात आणि ते टाळण्याची रीत, हा आजचा विषय आहे. एके काळी आपल्या देशात पॅराशूट म्हटलं की फौजच डोळ्यांपुढे यायची. रॅचेल थॉमस यांनी १९७९ साली आग्र्याला पहिली उडी मारली, तेव्हा एखाद्या मुलीनं हौसेनं असं काही करणं लोकांना नवल वाटण्याजोगं होतं. अलीकडच्या वर्षांत हरियाणात नारनौलला, कधी म्हैसूरला, अधूनमधून आपल्याकडे अ‍ॅम्बी व्हॅलीला पैसे भरून उडी मारता आली आहे. जून २०२२ मध्ये केंद्र सरकारनं राष्ट्रीय हवाई क्रीडा धोरण जाहीर केलं, त्यात स्कायडायव्हिंग आहे. म्हणजे तुमच्यापैकी कुणाच्या तरी घरात मुलगा किंवा मुलगी एक दिवस विचारणारच, ‘आई, मी जाऊ का?’ त्या आईला नुसतं ‘जाऊ दे’ किंवा ‘नको’ म्हणावं लागू नये, तिला काय विचारायचं ते कळावं, यासाठी मी इथं उभा आहे.

आधी आकडे पाहू. अमेरिकेत युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशन दरवर्षी झालेल्या उड्यांचा आणि मृत्यूंचा हिशेब प्रसिद्ध करते. २०२३ साली तिथं सुमारे साडेछत्तीस लाख उड्या झाल्या आणि त्यांत १० माणसं गेली. १९७० च्या दशकात हा खेळ खेळणारे पुष्कळ कमी होते, तरी दरवर्षी सरासरी ४० हून अधिक मृत्यू होत असत. खेळ तोच, आकाश तेच, माणसाचं शरीरही तेच. तरीही मरणं एवढी कमी झाली, ती का झाली हे समजून घेतलं तर आपल्याकडे काय करायला हवं ते आपोआप कळतं.

पण या आकड्यांत एक गोष्ट झाकली जाते. साडेछत्तीस लाखांत हजार हजार उड्या मारलेले मुरलेले लोकही येतात आणि आज पहिल्यांदा दारात उभी राहिलेली पोरंही येतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी १९६४ ते २००३ या काळात त्यांच्या देशात झालेले सगळे, म्हणजे ३७ मृत्यू एकेक करून तपासले. सर्वांत जास्त धोका विद्यार्थ्यांना होता. कारणं जवळपास ठरलेली होती. हवेत शरीर डगमगतं, त्याच अवस्थेत पॅराशूट उघडलं जातं आणि दोऱ्या अंगात गुंततात. नाहीतर उघडायचं ते वेळेवर उघडलंच जात नाही. काहीजण धडपणे खाली आले, पण पाण्यात उतरले आणि बुडाले. यांतलं एकही कारण दैवी नाही. प्रत्येकाची तालीम जमिनीवर घेता येते.

विद्यार्थ्याच्या बाजूनं हे कसं दिसतं, ते पाहू. सध्या शिकवण्याची जी पद्धत जगभर रूढ आहे तिला एएफएफ म्हणतात, अ‍ॅक्सिलरेटेड फ्री-फॉल. विमान साधारण १३,००० फुटांवर जातं. विद्यार्थी दोन प्रशिक्षकांसह बाहेर पडतो, दोघांनी त्याला दोन्ही बाजूंनी धरलेलं असतं. दहा-बारा सेकंदांत पडण्याचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो आणि मग दर हजार फुटांना साडेपाच सेकंद लागतात. साधारण ५,५०० फुटांवर पॅराशूट उघडायचं असतं. म्हणजे उडी मारल्यापासून हाताशी पाऊण मिनिटाहून थोडा जास्त वेळ. एवढ्यात क्षितिज बघायचं, मनगटावरचा उंची दाखवणारा अल्टिमीटर वाचायचा, प्रशिक्षकाची खूण ओळखायची, पाय लांब ठेवायचे, कंबर पुढे काढायची, आणि ठरलेल्या उंचीला हात मागं नेऊन हँडल ओढायचं. खाली बसून ऐकताना हे सोपं वाटतं. वर मात्र कानात वाऱ्याचा असा कल्लोळ असतो की पहिल्या उडीत काही विद्यार्थी अल्टिमीटरकडे बघतात आणि त्यांना आकडा दिसतच नाही. डोळे उघडे असतात, काटा फिरत असतो, पण मेंदूपर्यंत काही पोचत नाही. याला कुणी भित्रेपणा म्हणू नये. धाडसी मुलांचंही असंच होतं.

आता समजा पॅराशूट उघडलं, पण बिघडून उघडलं. त्यासाठी विद्यार्थ्याला एक उंची पाठ करून दिलेली असते, २,५०० फूट. तिथपर्यंत छत्री चालवण्याजोगी नसेल तर ती टाकून द्यायची आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडायचं, पुढे विचार करत बसायचं नाही. कारण काहीच उघडलं नसेल तर २,५०० फुटांवरून जमीन चौदा-पंधरा सेकंदांवर असते. एवढ्या वेळात माणसाचा चष्मासुद्धा पुसून होत नाही.

ही कृती शिकवण्यासाठी हँगरच्या छताला एक हार्नेस टांगलेला असतो. विद्यार्थ्याला त्यात अडकवून पाय जमिनीपासून वर उचललेले असतात. प्रशिक्षक त्याच्यासमोर एकामागून एक चित्रं धरतो: नीट उघडलेली छत्री, पीळ पडलेल्या दोऱ्या, पिशवीतून बाहेरच न आलेली छत्री, कापडाचा नुसता फडफडता गुंडाळा. विद्यार्थ्यानं ओरडून सांगायचं, ठेवायची की टाकायची. टाकायची असेल तर आधी मान खाली घालून छातीच्या उजव्या बाजूचं लाल हँडल डोळ्यांनी बघायचं, मग धरायचं, मग ओढायचं. लगेच डावीकडचं रिझर्व्हचं हँडल. ‘बघा, धरा, ओढा’ असा घोष आम्ही करून घेतो. ‘बघा’ पहिलं का? कारण छत्री उघडताना अंगावरचा हार्नेस सरकतो आणि हँडल जिथं होतं तिथं राहत नाही. हात आठवणीनं जातो, हाती हँडलऐवजी पट्टा लागतो, आणि माणूस जिवाच्या आकांतानं तो पट्टाच ओढत राहतो. टांगलेल्या हार्नेसमध्ये हे घडताना मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. पहिल्या फेरीला बहुतेकजण चाचपडतात. दहाव्या फेरीला हात बरोबर जातात. विसाव्या फेरीला मधेच कुणीतरी हाक मारली, डोळ्यांवर पाणी मारलं तरी हात बरोबर जातात. ज्या प्रशिक्षणकेंद्रात ही विसावी फेरी होत नाही, तिथं विद्यार्थ्याला विमानात बसवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आग्र्याच्या बेसिक कोर्समध्ये स्टॅटिक लाइन असते. विमानाला बांधलेली दोरी छत्री आपोआप उघडते, उडी साधारण साडेबाराशे फुटांवरून, आणि अशा पाच उड्यांनंतर छातीवर विंग मिळतात. त्यांत एक रात्रीची. पण त्या पाच उड्यांच्या आधी जमिनीवर लोळण घेण्याचे, टॉवरवरून उतरण्याचे, दारातून निघण्याचे आणि सेकंद मोजण्याचे दिवसच्या दिवस जातात. पोरं वैतागतात. ‘सर, कधी उडवणार?’ असं रोज विचारतात. सरांच्या त्या प्रश्नाचा अर्थ इथं लागतो.

मृत्यू कमी होण्याचं पहिलं कारण ही तालीम, दुसरं साहित्य. त्याबद्दल मी थोडक्यात बोलणार होतो, पण एक गोष्ट दाखवल्याशिवाय पुढे जाववत नाही. (इथं व्याख्यात्यांनी सोबत आणलेला खांद्याचा पट्टा श्रोत्यांना दाखवला.) ही तीन कडी बघा, मोठं, मधलं, लहान. मोठ्यातून मधलं वळवून आणलंय, मधल्यातून लहान, आणि लहान कड्याला धरून ठेवलंय या पांढऱ्या दोरीच्या फासानं. फासातून ही पिवळी तार गेलेली आहे. तार ओढली की फास सुटतो आणि तिन्ही कडी उलगडून मुख्य छत्री अंगापासून वेगळी होते. छत्रीला लटकलेल्या माणसाचा सगळा भार मोठ्या कड्यावर आहे, पण प्रत्येक कड्यागणिक तो कमी होत होत फासापर्यंत एवढा थोडा पोचतो की घाबरलेल्या, थकलेल्या हातानंही तार निघते. बिल बूथ या अमेरिकन माणसानं १९७० च्या दशकात हे बनवलं. त्याआधी दोन खांद्यांवरच्या दोन खटक्या वेगवेगळ्या सोडवाव्या लागत. एक सुटली आणि दुसरी अडकली तर काय, याची कल्पना तुम्ही करू शकता.

मग १९९१ साली जर्मनीत हेल्मुट क्लोथ यांनी सायप्रेस नावाचं यंत्र आणलं. ते हवेच्या दाबावरून उंची आणि वेग मोजत राहतं. माणूस साडेसातशे फुटांच्या आसपास आला तरी पडण्याच्या वेगातच असेल, तर ते रिझर्व्हचा फास कापतं आणि छत्री उघडते. बेशुद्ध पडलेला, गोंधळलेला, उंचीचं भान हरपलेला विद्यार्थी यामुळे वाचतो. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला भोपळा बांधतात, तसंच हे. भोपळा असला तरी हातपाय मारायला शिकवावं लागतंच.

याच बूथ यांचं एक निरीक्षण या खेळात फार प्रसिद्ध आहे. साहित्य जितकं सुरक्षित होतं, तितका जास्त धोका माणसं अंगावर घेतात, आणि मरणाचा हिशेब जागच्या जागी राहतो, अशा अर्थाचं ते बोलले होते. हे मी तंतोतंत खरं मानत नाही, कारण मृत्यू खरोखर कमी झालेत. पण अपघातांनी जागा बदलली हे मात्र खरं. पूर्वी माणसं न उघडलेल्या पॅराशूटखाली मरत. आता त्यांतली कितीतरी मरतात ती पूर्ण उघडलेल्या, काहीही न बिघडलेल्या छत्रीखाली, जमिनीपासून शेवटच्या शंभर-दोनशे फुटांत.

हा भाग लोकांना सगळ्यांत कमी माहीत असतो. आजची छत्री गोल नाही, चौकोनी पंखासारखी आहे. ती खाली येते तशी पुढेही जाते, आणि डावी-उजवी दोरी ओढून तिला वळवता येतं. एका बाजूची दोरी जोरानं ओढली की ती वळता वळता सूर मारते. उंचावर याचं काही नाही, दोरी सोडली की ती सावरते. पण सावरायला उंची लागते. विद्यार्थी शंभर फुटांवर आहे, समोर कुंपण किंवा झाड दिसलं, किंवा आपण वाऱ्याच्या दिशेनं उतरतोय हे लक्षात आलं, की त्याचा हात आपोआप दोरी खसकन ओढतो. छत्री वळते, सूर मारते, आणि सावरण्याआधीच जमीन येते. म्हणून विद्यार्थ्याला सांगावं लागतं की वाऱ्याच्या दिशेनं सरळ उतरलास तर फार तर घसरशील, लोळशील, घोटा मुरगळेल. पण खाली आल्यावर वळू नकोस. छत्री सपाट ठेव, समोरची मोकळी जागा बघ, शेवटी दोन्ही दोऱ्या एकदम खाली ओढ आणि पाय जुळवून लोळण घे. हजार फुटांवर कुठं असायचं, सहाशेवर कुठं वळायचं, तीनशेवर शेवटचं वळण घेऊन सरळ व्हायचं, हे विमानात चढण्याआधी मैदानाच्या नकाशावर बोट ठेवून त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं.

यात एक फसगत आहे, तीही सांगतो. पहिल्या उड्यांना विद्यार्थ्याच्या हेल्मेटमध्ये किंवा छातीवर छोटा रेडिओ असतो आणि जमिनीवरचा प्रशिक्षक ‘डावीकडे, आता सरळ, आता ओढ’ असं सांगत असतो. रेडिओ फार उपयोगी आहे. पण रेडिओ बंद पडतो. बॅटरी जाते, खरखर येते, कधी एकाच वेळी दोन विद्यार्थी हवेत असतात आणि कुठली सूचना कुणाला हे कळत नाही. ज्याला फक्त रेडिओच्या जिवावर सोडलंय तो विद्यार्थी सूचनेची वाट बघत बघत जसाच्या तसा जमिनीवर येऊन आदळतो. म्हणून शिकवताना एकदा तरी म्हणावं, ‘समज आज रेडिओ नाही. आता तू काय करशील ते सांग.’ उत्तर नीट आलं नाही तर उडी नाही.

वाऱ्याचंही तसंच. अमेरिकेत एकट्यानं उडी मारणाऱ्या विद्यार्थ्यासाठी जमिनीवरच्या वाऱ्याची मर्यादा ताशी १४ मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर आहे. मुरलेला माणूस त्याहून जास्त वाऱ्यात उतरेल, विद्यार्थ्यानं उतरू नये. आपल्या पठारावर चैत्र-वैशाखात भर दुपारी वावटळी उठतात. धूळ नसेल तर त्या दिसतही नाहीत. अशा वावटळीत कापडाचा पंख क्षणात मिटू शकतो. म्हणून आपल्याकडे विद्यार्थ्यांच्या उड्या सकाळी लवकरच्या किंवा उन्हं कलल्यावरच्या, पण सूर्यास्ताच्या आत असाव्यात. दुपारी विमान रिकामं उभं राहतं म्हणून आयोजक चडफडला तरी चालेल.

आणि इथं मी मुख्य मुद्द्याला येतो. एवढी सगळी तालीम, एवढं साहित्य आज उपलब्ध आहे. मग विद्यार्थी मरतो तेव्हा नेमकं काय चुकलेलं असतं? माझ्या अनुभवात आणि वाचनात पुन्हा पुन्हा एक गोष्ट येते. कुणीतरी ‘आज नको’ म्हणायला हवं होतं, आणि कुणी म्हणालं नाही.

२०१४ च्या सुरुवातीला तमिळनाडूत सेलमला प्रशिक्षणाच्या उडीत पॅराशूट नीट न उघडल्यानं एक तरुणी गेली. प्रशिक्षकांवर पोलिसांनी गुन्हा दाखल केला. तिची तालीम किती झाली होती यावर वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली आणि विषय मागे पडला. २०१८ च्या जुलैत कोइमतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्ती व्यवस्थापनाची रंगीत तालीम होती. १९ वर्षांच्या विद्यार्थिनीला दुसऱ्या मजल्यावरून खाली धरलेल्या जाळीवर उडी मारायला सांगितलं. ती कचरत होती, हे त्या वेळी घेतलेल्या चित्रफितीत स्वच्छ दिसतं. प्रशिक्षक म्हणवणाऱ्या माणसानं तिला ढकललं. तिचं डोकं पहिल्या मजल्याच्या सज्ज्यावर आपटलं आणि ती गेली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं नंतर सांगितलं की त्या माणसाचा आमच्याशी संबंध नाही. ही स्कायडायव्हिंगची घटना नाही, हे मला माहीत आहे. पण उंचीवर उभ्या असलेल्या, कचरणाऱ्या विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवणाऱ्या प्रत्येकाला ती माहीत असायला हवी.

हे फक्त भारतातच होतं असं कुणी समजू नये. कॅलिफोर्नियात लोडाय नावाच्या गावी ऑगस्ट २०१६ मध्ये १८ वर्षांचा एक मुलगा टँडेम उडीत गेला. टँडेम म्हणजे प्रशिक्षकाच्या छातीला विद्यार्थी बांधलेला असतो आणि पॅराशूट प्रशिक्षकाच्या पाठीवर. प्रशिक्षकही गेला. चौकशीत निघालं की त्या प्रशिक्षकाकडे टँडेमचं वैध प्रमाणपत्र नव्हतं. त्याला तयार करणाऱ्या परीक्षकाचा अधिकार आधीच काढून घेतलेला होता, तरी तो दुसऱ्या परीक्षकाच्या सहीची प्रतिमा वापरून वर्ग घेत राहिला. २०२४ साली अमेरिकेच्या न्यायालयात तो दोषी ठरला. आईनं मुलाला पाठवताना प्रमाणपत्र पाहिलं असतं, तरी त्या कागदाखाली सही होतीच. म्हणून नुसतं ‘सर्टिफाइड आहे का?’ विचारून भागत नाही. प्रमाणपत्र कुणी दिलं, कधीपर्यंतचं आहे, आणि ते देणाऱ्या संस्थेकडे फोन करून नाव जुळतं का, इतकं विचारावं लागतं. विचारल्याचा राग येणाऱ्या केंद्रात जाऊ नये.

आता घाईविषयी. आपल्याकडे बारमाही चालणारी ड्रॉप झोन, म्हणजे उड्यांची मैदानं, फार थोडी. बऱ्याचदा विमान ठरावीक दिवसांसाठी भाड्यानं येतं, परवानग्या त्याच दिवसांच्या असतात, आणि यादीतल्या सगळ्यांच्या उड्या त्यात बसवायच्या असतात. एक दिवस ढगांत गेला की दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं रांगेत उभी राहतात. विद्यार्थी रजा काढून, पैसे भरून, घरच्यांशी भांडून आलेला असतो. प्रशिक्षक दिवसातली कितवी उडी आहे ते विसरलेला असतो. सगळ्यांनाच उडी व्हावी असं वाटत असतं आणि ‘आज नको’ म्हणायला कुणाचाच फायदा नसतो. अशा वेळी पिन तपासणं, हँडल जागेवर आहे का ते बघणं, या गोष्टी ‘केल्याच असतील’ या भरवशावर जातात. तपासणी तीनदा व्हायला हवी: साहित्य अंगावर चढवताना, विमानात चढताना, आणि बाहेर पडण्याआधी. तिसरी तपासणी विमानात, दाटीवाटीत, दार उघडायची वेळ झालेली असताना होते, आणि तीच सगळ्यांत जास्त वेळा वगळली जाते.

फौजेत दारातून मागं फिरणं ही गंभीर बाब असते, कारण तिथं तो हुकूम असतो. पैसे भरून शिकायला आलेल्या नागरिकावर कुठलाही हुकूम नाही. त्यानं दारात उभं राहून मान हलवली तर त्याला कारण विचारू नये, चिडवू नये, आणि त्याचे पैसे बुडू नयेत. हा हक्क पहिल्या दिवशी, पहिल्या तासाला, फळ्यावर लिहून द्यावा. आणि तो खरा हक्क असेल तर त्यासाठी केंद्राची तयारीही दिसली पाहिजे. एक साधी गोष्ट सांगतो. विद्यार्थ्याच्या पाठीवरचं सायप्रेस विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या मापाचं असतं, ते सेकंदाला १३ मीटरच्या वेगालाही जागं होतं. विमान त्याला परत घेऊन झपाट्यानं खाली येऊ लागलं, तर यंत्राला वाटतं माणूस पडतोय, आणि ते बंद दारातल्या केबिनमध्ये रिझर्व्ह उघडू शकतं. म्हणून उतरताना ते बंद करायचं, पायलटनं सावकाश उतरायचं, हे आधी ठरलेलं असावं लागतं. ‘विद्यार्थी परत आला तर तुम्ही काय करता?’ असं केंद्रचालकाला विचारा. तो अडखळला तर समजा की त्याच्याकडे कुणी परत येत नाही, किंवा कुणाला येऊ दिलं जात नाही.

इथं शीतल महाजन यांचं नाव घ्यायलाच हवं. पुण्याच्या या मुलीनं १८ एप्रिल २००४ रोजी उत्तर ध्रुवावर २,४०० फुटांवरून उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. दोन वर्षांनी अंटार्क्टिकावर, पुढे नऊवारी नेसून, एव्हरेस्टसमोर. २०११ मध्ये पद्मश्री. मला त्यांच्याविषयी मनापासून आदर आहे. पण आपली वर्तमानपत्रं मुलांना फक्त ‘सराव न करता पहिलीच उडी’ एवढंच सांगतात, तेव्हा मला काळजी वाटते. त्यानंतरच्या शेकडो उड्या आणि प्रत्येक उडीमागची तयारी मथळ्यात येत नाही. माझी पत्रकार मित्रांना विनंती आहे की धाडसाची बातमी लिहिताना दोन ओळी तालमीवरही लिहा. त्या वाचून एखादी मुलगी तालमीचे दिवस मागून घेईल.

अनुभवी माणसालाही अपघात होतो, हेही विसरू नये. २०२५ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा एप्रिलमध्ये आग्र्याला वायुदलाचे दोन प्रशिक्षक उडीत गेले. ज्यांनी शेकडो जणांना उतरायला शिकवलं, ती ही माणसं. त्यांच्या घरच्यांपुढे कुठलीच आकडेवारी उपयोगाची नाही. त्यांचं ऋण फेडायचं असेल तर काय घडलं ते पुढच्या तुकडीला शिकवणं, हा एकच मार्ग मला दिसतो.

आणि हेच अमेरिकेत पन्नास वर्षं झालं. त्यांच्या संघटनेच्या मासिकात अपघातांचे अहवाल नियमित छापून येतात. मेलेल्याचं नाव नसतं, केंद्राचं नाव नसतं. किती उड्यांचा अनुभव होता, वारा किती होता, छत्री कुठल्या मापाची होती, कुठल्या उंचीवर काय झालं आणि त्यातून काय शिकावं, एवढंच असतं. लहानात लहान गावातला प्रशिक्षक ते वाचतो आणि शनिवारी आपल्या विद्यार्थ्यांना सांगतो. खेळाच्या सगळ्या शोधांत मी या छापील पानांना वरचा मान देतो. तीन कड्यांइतके जीव त्यांनी वाचवले असतील असं माझं मत आहे. आपल्याकडे अपघात झाला की गुन्हा नोंदवला जातो, वकील येतात, आणि त्या क्षणापासून सगळे गप्प होतात. गुन्ह्याचा तपास व्हायलाच हवा. पण शिकण्यासाठीचा तपास वेगळा असावा, आणि त्यातलं बोलणं कुणाविरुद्ध वापरलं जाणार नाही असं संरक्षण त्याला असावं.

२०२२ च्या धोरणात हवाई खेळांसाठी एअर स्पोर्ट्स फेडरेशन ऑफ इंडिया ही शिखर संस्था योजलेली आहे, आणि सुरक्षेची मानकं न पाळणाऱ्या संघटनांवर कारवाईची तरतूद आहे. आपल्या राज्य शासनानंही २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. नियमांची वाण आता आपल्याला नाही. मागणी एवढीच करायची आहे की विद्यार्थ्यांच्या उड्यांत झालेला प्रत्येक अपघात आणि थोडक्यात टळलेला प्रत्येक प्रसंग, नावं वगळून, दरवर्षी मराठीसकट देशाच्या भाषांत छापला जावा, आणि दारातून परत आलेल्या विद्यार्थ्याचे पैसे परत करणं प्रत्येक केंद्राला बंधनकारक व्हावं. अध्यक्ष महोदय, व्याख्यानमालेच्या मंडळानं या दोन मागण्यांचं पत्र सरांच्या नावानं फेडरेशनला आणि राज्याच्या पर्यटन विभागाला पाठवावं, अशी माझी विनंती आहे. मसुदा मी लिहून आणला आहे आणि तो बाहेरच्या टेबलावर ठेवला आहे. जाताना वाचा, आणि पटला तर सही करा.